उंबरठ्याच्या आतला सुधारक : बाबा पदमनजी

मराठीतील पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी लिहिणारे बाबा पदमनजी मूळचे बेळगावचे, याची आठवण सीमाभागातही क्वचितच काढली जाते. त्यांचा जन्म मे १८३१ मध्ये बेळगावात, त्वष्टा कासार समाजातील मुळे कुटुंबात झाला. घरातले वातावरण व्रतवैकल्यांचे, उपासतापासांचे आणि पोथीवाचनाचे होते. लहानपणी बाबाही त्यात मनापासून रमत. गावातील मिशनच्या शाळेत शिकून पुढच्या शिक्षणासाठी ते मुंबईस गेले आणि तेथे त्यांच्या मनातील प्रश्नांना वाचा फुटली.

मुंबईत त्या काळी परमहंस सभा नावाचे एक गुप्त मंडळ होते. जातिभेद मोडावा, विधवांचे विवाह व्हावेत, अशी सभासदांची मते होती. सभेत शिरू पाहणाऱ्याला पावाचा तुकडा खावा लागे. मात्र बाहेर पडल्यावर या गोष्टीचा उच्चार करायचा नाही, असा दंडक होता. बाबा या सभेत होते. सभासदांना भित्रे म्हणणे सोपे आहे. त्या काळी वाळीत पडणे म्हणजे बहिणीचे लग्न अडणे, पाणवठा तुटणे आणि मयताला खांदेकरी न मिळणे हे ध्यानात घेतले, म्हणजे त्यांचे मौन कळू लागते. बाबांना मात्र बंद दाराआडची ही सुधारणा पुरेशी वाटली नाही. सप्टेंबर १८५४ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी आपल्याच गावी, बेळगावात, उघडपणे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परक्या शहरात ही गोष्ट सोपी गेली असती. आपल्या माणसांच्या डोळ्यांदेखत ती करणे म्हणजे आईवडिलांनी जिवंतपणीच मुलाला मुकणे होते. सुधारकांची चरित्रे लिहिताना या बाजूवर आपण फार थोड्या ओळी खर्च करतो.

त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा त्याआधी एकच वर्ष, १८५६ मध्ये, झाला होता. पण कायद्याने विवाह वैध ठरला, तरी घरातल्या मुलीला तो करू देणार कोण? कादंबरी शिरते ती याच प्रश्नात. यमुना शिकलेली, तिचा नवरा विनायक समंजस. प्रवासात या दांपत्याला ठिकठिकाणच्या विधवा भेटतात. कोणाचे केशवपन झालेले, कोणी संशयाच्या सावलीत दिवस कंठणारी, कोणी सासरच्या घरात मोलकरणीहून हीन. ही दुःखे यमुना आधी परक्याची म्हणून ऐकते. पुढे विनायकाचा मृत्यू होतो आणि तीच अवस्था तिच्या वाट्याला येते. रचनेचे हे बळ आजही जाणवते. अखेरीस यमुना ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. हा शेवट उपदेशकाचा आहे, आणि कादंबरी तेथे सैल पडते असे माझे मत आहे.

तथापि स्त्रियांचा कैवार त्यांनी केवळ धर्मप्रसारासाठी घेतला, हा आक्षेप टिकणारा नाही. स्त्रीशिक्षणावरील त्यांचा निबंध १८५२ मधला, म्हणजे धर्मांतराच्या दोन वर्षे आधीचा आहे. प्रश्न त्यांच्या मनात आधीपासून होता, उत्तर नंतर सापडले. ते उत्तर ज्यांना मान्य नाही, त्यांनाही त्या प्रश्नाचा खरेपणा नाकारता येत नाही.

पुढील आयुष्य त्या मानाने शांत गेले. पुण्यात मिशनच्या शाळेत अध्यापन, १८६७ पासून तेथील मराठी मंडळीचे पाळकपद आणि १८७३ मध्ये ते सोडल्यावर मुंबईच्या ट्रॅक्ट सोसायटीसाठी लेखन-संपादन, असा हा क्रम आहे. मोल्सवर्थच्या प्रचंड कोशाचा त्यांनी केलेला संक्षेप १८६३ मध्ये निघाला आणि मूळ ग्रंथ ज्यांना परवडत नव्हता त्यांच्या हाती मराठी कोश आला. ‘सत्यदीपिका’, ‘कुटुंबमित्र’ यांसारखी नियतकालिके त्यांनी चालवली. लहानमोठी मिळून त्यांची पुस्तके शंभराच्या घरात जातात.

आत्मचरित्र त्यांनी ‘अरुणोदय’ या नावाने १८८८ मध्ये लिहिले. बेळगावचे बालपण, देवघर, पुढे पडत गेलेल्या शंका आणि घरच्यांशी आलेला दुरावा हे सारे त्यात आहे. सोडून आलेल्या घराविषयीची माया त्या पुस्तकात आटलेली दिसत नाही. ऑगस्ट १९०६ मध्ये बाबांचे निधन झाले.