स्वर वाकवणारा डावखुरा

इलेक्ट्रिक गिटारच्या घोडीला धातूची एक बारीक दांडी जोडलेली असते. तिला ट्रेमोलो आर्म म्हणतात. ती दाबली की सहाही तारा एकदम सैल होतात आणि स्वर खाली उतरतो. सोडली की गिटारच्या पाठीमागील पोकळीतल्या स्प्रिंगा तारांना पुन्हा ताणतात आणि स्वर जागेवर येतो. नाव मात्र चुकीचेच पडले. ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणातील कंप. ही दांडी स्वराच्या उंचीत कंप आणते, त्याला व्हायब्रेटो म्हणायला हवे. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५४ साली आपली स्ट्रॅटोकास्टर गिटार बाजारात आणताना हा घोटाळा केला आणि तो कायमचा रूढ झाला. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. गिटार त्यांना वाजवता येत नव्हती. या दांडीकडून त्यांची अपेक्षा माफक होती. हवाईयन गिटारच्या सुरांना असते तशी एखादी हलकी लहर यावी, इतकीच. या किरकोळ सोयीचे रूपांतर गिटारच्या वाणीत केले ते जिमी हेंड्रिक्सने.

अमेरिकेच्या वायव्य टोकावरील सिअ‍ॅटल शहरात २७ नोव्हेंबर १९४२ रोजी त्याचा जन्म झाला. घरात दारिद्र्य आणि आईवडिलांची भांडणे. आई ल्युसिल १९५८ मध्ये वारली. त्या सुमारास वडिलांबरोबर एका घरातील अडगळ काढताना पोराला टाकून दिलेली एक युकुलेली सापडली. तिला तार एकच होती. त्या एका तारेवर तो कानाने गाणी शोधू लागला. पुढे पाच डॉलरची साधी गिटार आली आणि १९५९ मध्ये वडील अल यांनी त्याला पहिली इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. हा मुलगा डावखुरा होता आणि बाजारात मिळणाऱ्या गिटारी बहुतेक उजव्या हाताच्या. त्याने उजव्या हाताची गिटार उलटी धरली आणि तारा काढून उलट्या क्रमाने बसवल्या. ही सवय आयुष्यभर राहिली. पुढे स्ट्रॅटोकास्टर हाती आल्यावर याच सवयीमुळे एक अनपेक्षित गोष्ट घडली. एरवी खालच्या बाजूस लोंबणारी ट्रेमोलोची दांडी त्याच्या गिटारीवर वरच्या बाजूस आली.

चोरीच्या मोटारींत सापडल्यामुळे तुरुंग की लष्कर असा पेच उभा राहिला आणि १९६१ मध्ये तो सैन्यात दाखल झाला. १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये त्याने विमानातून उड्या मारण्याचे शिक्षण घेतले. सैनिक म्हणून त्याने फारशी चमक दाखवली नाही आणि वरिष्ठांनी १९६२ मध्ये त्याला मोकळे केले. तिथल्या वास्तव्याची खरी कमाई म्हणजे बास वाजवणारा बिली कॉक्स हा मित्र.

त्यानंतरची चार वर्षे चरित्रकार बहुधा घाईने ओलांडतात. पण त्याची तालीम याच काळात झाली. आयझली ब्रदर्स, लिटल रिचर्ड यांच्यासारख्या गायकांच्या मागे उभे राहून तो साथ करीत असे. साथीदाराने तालाला धरून राहायचे, गायकाच्या ओळीत शिरायचे नाही आणि मोकळी जागा मिळाली तर दोन मात्रांत सांगायचे ते सांगून बाजूला व्हायचे, ही तिथली शिस्त. ती त्याला जाचत होती. लिटल रिचर्डशी त्याचे खटकेही उडाले. पण कुठे वाजवू नये हे ज्ञान त्याला मिळाले ते इथेच आणि ट्रेमोलोच्या दांडीला त्याच ज्ञानाची सर्वाधिक गरज असते.

कारण ही दांडी फसवी आहे. ती हलवायला कौशल्य लागत नाही. कोणत्याही नवशिक्याने दाबली की परिणाम हमखास होतो, आणि म्हणून तो प्रत्येक स्वरावर दाबत सुटतो. जाड आणि बारीक तारा एकाच मापाने सैल होत नाहीत. त्यामुळे अनेक स्वरांचा संच वाजत असताना ती जोरात दाबली तर स्वरांचे आपसातील नाते बिघडते. शिवाय दांडी सोडल्यावर तारा घर्षणामुळे नेमक्या मूळ जागी परततीलच असे नाही. म्हणजे परतीचा स्वर कानाने पारखावा लागतो. आपल्याकडे मींड घेणाऱ्याला सूर कुठून निघाला आणि कुठे टेकणार हे आधीच ठाऊक असावे लागते, इथेही तसेच.

ब्रिटनमध्ये शॅडोज या वाद्यवृंदाच्या हँक मार्विनने १९६० च्या ‘अपाची’ या धूनमध्ये स्वर आधी स्वच्छ लावून मग त्याला दांडीने हळुवार झुलवण्याचा सुरेख नमुना घालून दिला होता. हेंड्रिक्सने दोन्ही टोके गाठली. स्वराच्या शेपटाला दिलेला जेमतेम जाणवणारा कंप त्याच्याकडे होता. आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून घोंगावत राहिलेला स्वर तारा पार सैल होईपर्यंत खाली नेणारी भीषण घसरणही होती. तारा उतरल्या तर तो वाजवता वाजवताच खुंट्या पिळून त्या सुरात आणीत असे, अथवा बोटांनी तार ओढून सूर भरून काढीत असे.

न्यूयॉर्कच्या एका कॅफेत वाजवताना १९६६ मध्ये अ‍ॅनिमल्सच्या चास चँडलरने त्याला ऐकले आणि सप्टेंबरमध्ये लंडनला नेले. वर्षभरात तो विख्यात झाला. जून १९६७ मध्ये मॉन्टेरीच्या महोत्सवात त्याने अखेरीस गिटार पेटवली. त्या रात्रीची ज्वाला सर्वांना आठवते. त्याआधी त्याने काय वाजवले हे फार थोड्यांना. त्याच्या वाट्याला आलेला हा मोठाच अन्याय होता आणि तो काही अंशी त्याने स्वतःच ओढवून घेतला होता. पुढे प्रेक्षक त्याच करामतींची मागणी करू लागले आणि तो त्यांना विटत गेला.

या पार्श्वभूमीवर १८ ऑगस्ट १९६९ ची सकाळ पाहायला हवी. वुडस्टॉकचा महोत्सव लांबत सोमवारपर्यंत गेला होता आणि बहुसंख्य प्रेक्षक घरी परतले होते. पांढरी स्ट्रॅटोकास्टर घेऊन हेंड्रिक्सने अमेरिकेचे राष्ट्रगीत सुरू केले. सुरुवातीच्या ओळी त्याने चाल न मोडता, जवळजवळ आदराने वाजवल्या. गीतात अग्निबाणांचा आणि बॉम्बगोळ्यांचा उल्लेख येतो तिथे पोहोचेपर्यंत त्याने दांडीचा आणि गोंगाटाचा मोठा मारा राखून ठेवला. मग मात्र विमानांचा सूर मारणे, स्फोट, किंकाळ्या हे सारे त्या एका दांडीतून आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या गर्जनेतून उभे राहिले. त्याची जुनी डिव्हिजन त्या वेळी व्हिएतनाममध्ये लढत होती. त्या कोलाहलातून चाल प्रत्येक वेळी पुन्हा सुरात परतते. अनेकांना हा राष्ट्रगीताचा अवमान वाटला. हेंड्रिक्सने दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत तसे मानायला नकार दिला. त्याच्या मते ते वादन सुंदर होते. तीच भाषा त्याने १ जानेवारी १९७० रोजी न्यूयॉर्कमध्ये ‘मशीन गन’ वाजवताना आणखी खोल नेली. साथीला जुना बिली कॉक्स होता.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस ग्रीनिच व्हिलेजमध्ये त्याचा स्वतःचा ‘इलेक्ट्रिक लेडी’ हा स्टुडिओ सुरू झाला. गर्दीपासून दूर, तमाशाविना संगीत करण्याची ती जागा होती. उद्‌घाटनानंतर लगेच त्याला युरोपच्या दौऱ्यावर जावे लागले. झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनानंतर १८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय अवघे सत्तावीस. हयातीत त्याचे स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले तीनच संग्रह प्रसिद्ध झाले होते.

दांडी कितीही दाबली तरी तारा सुरात राहाव्यात म्हणून त्या दोन्ही टोकांना जखडणारी यंत्रणा फ्लॉइड रोझ या अमेरिकी वादकाने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तयार केली. ऐंशीच्या दशकातील गिटारवादकांनी त्या निर्धोकपणाचा मनसोक्त उपभोग घेतला. हेंड्रिक्सकडे ती सोय नव्हती. वुडस्टॉकची ती पांढरी गिटार पुढे सिअ‍ॅटलच्या संग्रहालयात आली. ती उजव्या हाताची आहे.