नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या बाबूरावांनी सिनेमाचं चित्र रस्त्यावर आणलं

भिंतीवर चित्रं काढणाऱ्या कलाकारांवर जगभरात सिनेमे निघालेत. न्यूयॉर्कच्या रेल्वे डब्यांवर रंगाचे फवारे मारणाऱ्या पोरांवर १९८३ साली 'स्टाईल वॉर्स' नावाची डॉक्युमेंटरी आली. २०१० मध्ये बँक्सी या कधीच चेहरा न दाखवणाऱ्या कलाकाराची 'एक्झिट थ्रू द गिफ्ट शॉप' आली आणि थेट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचली.

आपल्याकडे मात्र शंभर वर्षांपूर्वी याच्या उलटं घडलं होतं. इथे रंगाऱ्यानेच कॅमेरा बनवला, सिनेमे काढले आणि त्या सिनेमांची चित्रं रस्त्यावर लावली. हा रंगारी म्हणजे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर.

पेंटर हे आडनाव नव्हतंच

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. नाव बाबूराव कृष्णराव मिस्त्री. वडील कृष्णराव हे हाताने कसबी काम करणारे कारागीर. बाबूराव चित्र आणि शिल्प शिकायला कुठल्या आर्ट स्कूलमध्ये गेले नाहीत. जे शिकले ते घरात आणि काम करता करता.

तो काळ संगीत नाटकांचा होता. रंगमंचावर राजवाडा, जंगल, रस्ता असं सगळं मागच्या पडद्यावर रंगवलेलं असायचं. बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव या पडद्यांसाठी नावाजले गेले. नाटक कंपन्या त्यांच्याकडून पडदे करून घ्यायच्या. लोक दोघांनाही पेंटर म्हणू लागले आणि मिस्त्री हे आडनाव मागे पडलं.

कॅमेरा विकत नाही, तयार केला

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. या दोघा भावांनाही सिनेमाचं वेड लागलं. कॅमेरा आपणच बनवायचा असं त्यांनी ठरवलं. काम चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले.

बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन त्यांनी १९१८ पर्यंत चालणारा कॅमेरा उभा केला. पैशांची अडचण होती, ती गायिका तानीबाई कागलकर यांनी सोडवली. अशी महाराष्ट्र फिल्म कंपनी मार्गी लागली.

१९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' लागला. यात बायकांच्या भूमिका बायकांनीच केल्या होत्या. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. कीचकवधाचं दृश्य तर इतकं खरं वाटलं की ते कापावं लागलं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

चित्रकार असल्याचा फायदा त्यांना प्रत्येक सिनेमात झाला. शूटिंगच्या आधी ते दृश्यांची, कपड्यांची, सेटची रेखाटनं करायचे. विशेष म्हणजे, ज्यांनी आयुष्याची सुरुवात पडदे रंगवून केली त्यांनीच सिनेमातून रंगवलेले सपाट पडदे बाजूला सारले आणि खरी खोली दिसेल असे सेट उभे केले.

आता येऊ रस्त्यावरच्या चित्राकडे

सुरुवातीला सिनेमाची जाहिरात म्हणजे मुख्यतः अक्षरांनी भरलेली हँडबिलं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी तो नुसता कागद. बाबूरावांनी पोस्टरवर चित्र आणलं. १९२४ च्या 'कल्याण खजिना' या सिनेमाचं पोस्टर हे आज हाती असलेलं भारतातलं सगळ्यात जुनं सचित्र सिनेमा पोस्टर मानलं जातं.

याचं महत्त्व कळायला आमच्या दुधनीचं उदाहरण घ्या. अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेलं हे गाव. घरात कन्नड, पाटीवर मराठी. अशा ठिकाणी अक्षरांची जाहिरात अर्ध्या लोकांपर्यंतच जाते. चित्र मात्र सगळ्यांना कळतं. शिवाय ते बघायला तिकीट लागत नाही. आर्ट गॅलरीची पायरी कधीही न चढलेल्या माणसासमोर मोठं चित्र आलं ते या पोस्टरांमुळे.

१९२५ मध्ये बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. देवादिकांच्या गोष्टींची चलती असताना त्यांनी कर्जात जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी दाखवला. ही भूमिका केली तरुण व्ही. शांताराम यांनी. आसपासच्या खेड्यांतून सोलापूरच्या गिरण्यांमध्ये आलेल्या कामगारांना ही गोष्ट नवी नव्हती, पडद्यावर दिसणं नवं होतं.

शिष्य गेले, कंपनी बंद पडली

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' काढली. बोलपट आला. १९३१ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद झाली. बाबूरावांनी पुढे 'उषा', 'प्रतिभा' असे काही बोलपट केले, 'सावकारी पाश' पुन्हा बोलपट म्हणून काढला. पण पहिला जोर परत आला नाही. ते चित्र आणि शिल्पाकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचं निधन झालं.

मग उरलं काय?

त्यांच्या मूकपटांचे आज फारच थोडे तुकडे शिल्लक आहेत. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असायची. ती पटकन पेट घ्यायची आणि नाही पेटली तरी कुजायची. 'सावकारी पाश' मूकपटाबद्दल आपण वाचू शकतो, तो पाहू शकत नाही.

पोस्टरचं नशीबही तेच. सिनेमा उतरला की पुढच्याचं पोस्टर त्यावरच चिकटायचं. जपून ठेवायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पुढे हाताने रंगवलेल्या मोठ्या बॅनरांची पिढी आली. एम. एफ. हुसेन यांनीही मुंबईत उमेदीच्या काळात असे बॅनर रंगवले होते. नंतर फ्लेक्स आला आणि रंगाऱ्यांचं कामच गेलं. ते बॅनरही तसेच फाटून, धुऊन निघून गेले.

न्यूयॉर्कच्या डब्यांवरची चित्रंही पुसली गेली. पण कुणीतरी वेळेवर कॅमेरा घेऊन गेलं होतं, म्हणून ती आज दिसतात. आपल्या गावात एखाद्या जुन्या टॉकीजवर, दुकानाच्या शटरवर किंवा ट्रकच्या मागे हाताने रंगवलेलं काही उरलं असेल, तर त्याचा एक फोटो काढून ठेवा. खाली कोपऱ्यात पेंटरचं नाव असतं, तेही फोटोत येऊ द्या.