कोकोचा व्यापारी जॉर्ज कॅडबरी

आपल्या कित्येक घरांत मुलांच्या दुधात घातल्या जाणाऱ्या बोर्नव्हिटाला ते नाव कोठून मिळाले, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या दक्षिणेस बोर्नव्हिल नावाची एक वसाहत आहे, तिच्यावरून ते आले. ही वसाहत उभारणारे जॉर्ज कॅडबरी (१८३९-१९२२) यांचा परिचय आम्ही आज वाचकांना करून देत आहोत. ते कॅथलिक नव्हते, क्वेकर पंथाचे होते. मात्र आपल्या एका थोर संताची आणि त्यांची एकदा गाठ पडली होती. तो प्रसंग पुढे येईलच.

क्वेकर मंडळींमध्ये धर्मगुरू नसतात, साक्रामेंतांचे विधी नसतात. सारे जण शांत बसून प्रार्थना करतात. ते शपथ घेत नाहीत आणि शस्त्रही धरीत नाहीत. इंग्लंडच्या राजसत्तेने त्यांना, आपल्या कॅथलिकांप्रमाणेच, दीर्घकाळ दूर ठेवले होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांची दारे दोघांनाही १८७१ साली पूर्णपणे खुली झाली. त्यामुळे बुद्धिमान क्वेकर तरुण व्यापाराकडे वळत. घासाघीस न करता एकच भाव सांगायचा, ही त्यांची रीत असल्याने गिऱ्हाईक त्यांच्यावर विश्वास ठेवीत असे. पण या विश्वासाची किंमतही मोठी होती. दिवाळे काढणाऱ्या सभासदाला मंडळीतून दूर करण्याची त्यांची जुनी प्रथा होती. दुकान बुडाले की माणसाची धर्मबंधूंमधील पतही बुडे.

जॉर्ज यांचे वडील जॉन कॅडबरी यांनी १८२४ साली बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर चहा, कॉफी आणि कोकोचे दुकान थाटले. दारूला पर्याय म्हणून लोकांनी कोको प्यावा, अशी त्यांची इच्छा होती. १८३१ साली त्यांनी स्वतःच कोको बनविण्यास आरंभ केला. पुढे धंदा वाढला, राजघराण्याकडून सनदही मिळाली. परंतु १८५५ साली त्यांची पत्नी कँडिया क्षयाने वारली आणि जॉन यांचे कारभारातील मन उडाले. १८६१ साली त्यांनी तोट्यात गेलेला कारखाना दोन मुलांच्या हाती सोपविला, तेव्हा रिचर्ड २५ वर्षांचे आणि जॉर्ज अवघे २१ वर्षांचे होते.

आईकडून वारशाने आलेले प्रत्येकी चार हजार पौंड दोघा भावांनी धंद्यात घातले. रिचर्ड विक्री पाहत, जॉर्ज खरेदी आणि कारखाना पाहत. जॉर्ज यांनी सकाळचे वर्तमानपत्र बंद केले, चहा सोडला, विवाहाचा विचारही लांबणीवर टाकला. पैसा वर्षागणिक आटत होता. कारखाना बंदच करावा लागला तर रिचर्ड यांनी जमीनमोजणीचे काम करायचे आणि जॉर्ज यांनी हिंदुस्थानात हिमालयाच्या पायथ्याशी चहाचा मळा करायचा, असे ठरलेही होते. १८६४ च्या सुमारास तोटा थांबला आणि तो मळा कायमचा राहून गेला.

त्या काळी कोको म्हणून जे विकले जाई, त्यात बटाट्याचे पीठ, साबुदाणा आणि काकवी यांचाच भरणा अधिक असे, कारण कोकोच्या दाण्यातील निम्मे तेल शोषून घेण्यास काहीतरी लागे. कॅडबरीही तसाच माल विकीत, हे लपविण्याचे कारण नाही. हॉलंडमध्ये व्हान हाउटेन यांच्याकडे तेल दाबून काढण्याचे यंत्र असल्याचे कळताच जॉर्ज तिकडे गेले. डच भाषेचा गंध नसताना, शब्दकोश आणि हातवारे यांच्या आधारे त्यांनी सौदा केला. १८६६ साली त्यांचा शुद्ध कोको बाजारात आला. डॉक्टरांनी त्याची वाखाणणी केली. अन्नातील भेसळीविरुद्ध १८७० च्या दशकात जे कायदे झाले, त्यांना या बंधूंनी पाठिंबा दिला. त्या कायद्यांमुळे त्यांच्या व्यापाराचा लाभच झाला. धर्म आणि नफा येथे हातात हात घालून चालले. पुढे मात्र नेहमी तसे झाले नाही.

१८७९ साली दोघा भावांनी शहराच्या धुरातून कारखाना हलवून चार मैल दूर, ओढ्याकाठच्या मोकळ्या माळावर नेला. तेच बोर्नव्हिल. तेथे कामगारांना खेळायला मैदाने होती आणि शनिवारी अर्धी सुट्टी मिळे. दिवसाची सुरुवात बायबलवाचन आणि प्रार्थनेने होई. याच प्रार्थनेवरून वाद उभा राहिला. कारखान्यात कॅथलिक मुलीही होत्या आणि तिला हजर राहणे त्यांच्या श्रद्धेला रुचणारे नव्हते. बर्मिंगहॅममध्येच ओरेटरीत राहणारे कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांच्या कानी हे गेले. १८८९ साली, ८८ वर्षांचे ते वृद्ध कार्डिनल स्वतः बोर्नव्हिलला गेले आणि कॅडबरी बंधूंना भेटले. बंधूंनी त्यांचे म्हणणे ऐकून कॅथलिक मुलींना त्यांच्या प्रार्थनेसाठी स्वतंत्र खोली दिली. पुढच्याच वर्षी न्यूमन निवर्तले. २०१९ साली त्यांना संतपद बहाल झाले. आपल्या कारखान्यातील रीत एका परपंथीयाच्या सांगण्यावरून बदलणे, तेही तक्रार गरीब मुलींची असताना, हे मालकवर्गात त्या काळी सर्रास घडत नसे.

जॉर्ज यांचा विवाह १८७२ साली मेरी टायलर यांच्याशी झाला. पाच मुले मागे ठेवून मेरी १८८७ साली वारल्या. पुढच्या वर्षी त्यांनी एलिझाबेथ टेलर यांच्याशी विवाह केला. त्यांना घरी एल्सी म्हणत. एल्सींनी सावत्र मुलांना आपले केले. त्यांना स्वतःची सहा मुले झाली. अकरा भावंडांचे हे घर मोठ्या वाड्यात राहिले खरे, पण त्या वाड्याच्या आवारात शहराच्या गलिच्छ वस्त्यांतील हजारो मुले उन्हाळ्यात खेळायला येत.

त्या वस्त्या जॉर्ज यांनी ऐकून नव्हे, डोळ्यांनी पाहिल्या होत्या. सुमारे पन्नास वर्षे ते दर रविवारी पहाटे उठून प्रौढ कामगारांना वाचन, लेखन आणि बायबल शिकवीत. विद्यार्थी आजारी पडला की त्याच्या खोलीवर जात. अशा अंधाऱ्या घरात राहून माणूस दारू सोडेल कसा, हा प्रश्न त्यांना तेथेच पडला. १८९३ साली त्यांनी कारखान्यालगत १२० एकर जमीन घेतली आणि १८९५ पासून घरे बांधण्यास प्रारंभ केला. घराने आपल्या जागेच्या एक चतुर्थांशाहून अधिक भाग व्यापू नये, मागे बाग असावी, फळझाडे असावीत, असा दंडक होता. गुत्त्याला जागा नव्हती. घरे केवळ आपल्याच कामगारांसाठी राखलेली नव्हती. १९०० साली ३०० हून अधिक घरे आणि ३३० एकर जमीन त्यांनी विश्वस्त संस्थेला देऊन टाकली. मोठी संपत्ती मुलांच्या कल्याणाची नसते, असे त्यांचे मत होते. रिचर्ड आदल्याच वर्षी जेरुसलेम येथे वारले होते. कंपनीत आता दोन्ही भावांची मुले संचालक होती.

अर्थात तेथे सारे सोन्याचे नव्हते. लग्न झाले की मुलीला नोकरी सोडावी लागे. निरोपाला बायबल मिळे, पगार मात्र थांबे.

सर्वात कठीण कसोटी आफ्रिकेतून आली. कॅडबरींच्या कोकोचा मोठा हिस्सा साओ तोमे आणि प्रिन्सिपे या बेटांवरून येई. गोव्याप्रमाणे ही बेटेही पोर्तुगीज अमलाखाली होती. तेथील मळ्यांवर अंगोलातून आणलेले मजूर राबत. कागदोपत्री ते कराराचे नोकर होते, प्रत्यक्षात परत जाणारा जवळजवळ कोणी नव्हता. ही कुणकुण कंपनीला १९०१ साली लागली. १९०३ साली रिचर्ड यांचे पुत्र विल्यम यांनी लिस्बनला जाऊन विचारणा केली. १९०५ साली जोसेफ बर्ट यांना चौकशीसाठी धाडले. ते सुमारे दोन वर्षांनी परतले आणि ही गुलामगिरीच असल्याचे त्यांनी सांगितले. १९०८ साली विल्यम स्वतः जाऊन आले. खरेदी थांबली ती मार्च १९०९ मध्ये. गिऱ्हाईक राहिलो तरच पोर्तुगीज सरकार आपले ऐकेल, असा कंपनीचा युक्तिवाद होता, आणि इंग्लंडच्या परराष्ट्र खात्यानेही त्यांना सबुरीचा सल्ला दिला होता. तरीही आठ वर्षे गेलीच.

जॉर्ज त्या वेळी डेली न्यूज या दैनिकाचे मालक होते. हे दैनिक दक्षिण आफ्रिकेतील खाणींवर चिनी मजुरांच्या होणाऱ्या छळावर टीका करीत असे. त्यामुळे स्टँडर्ड या विरोधी पत्राने १९०८ साली कॅडबरींवर दांभिकपणाचा आरोप केला. कॅडबरींनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. डिसेंबर १९०९ मध्ये तो बर्मिंगहॅमला, त्यांच्याच शहरात चालला. प्रतिपक्षाचे वकील एडवर्ड कार्सन यांनी विल्यम यांना विचारले की, या वर्षांत कोको पिकविताना किती गुलाम मेले, याचा काही अंदाज केला आहे काय? असा अंदाज त्यांच्यापाशी नव्हता. ज्युरींनी निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला आणि भरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा चौथा भाग. खटला जिंकला, पण अब्रूचे मोल काय, तेही त्या नाण्याने सांगून टाकले.

आम्हास विचाराल तर, तो फार्दिंग कठोर होता, अन्याय्य नव्हता. कॅडबरींनी माणसे पाठविली, पैसा खर्चिला, आणि शेवटी फ्राय व राउंट्री या अन्य क्वेकर कोकोवाल्यांसह ती बेटे सोडली. बहुसंख्य व्यापाऱ्यांनी एवढेही केले नसते. परंतु मळ्यावरच्या मजुराला लिस्बनमधील बोलणी ठाऊक नव्हती, त्याला दिवस मोजावे लागत होते. पुढे कंपनीने आपली खरेदी गोल्ड कोस्टकडे, आजच्या घानाकडे वळविली. तेथे छोटे शेतकरी स्वतःच्या जमिनीत कोको पिकवीत.

जॉर्ज या काळात सत्तरीला पोहोचले होते. वृद्धांना सरकारी निवृत्तिवेतन मिळावे यासाठी ते आणि त्यांचे दैनिक झटले होते. त्याचा कायदा १९०८ साली झाला. रविवारचा वर्ग त्यांनी शक्य तोवर सोडला नाही. २४ ऑक्टोबर १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. बोर्नव्हिलच्या हिरवळीवर त्यांच्या स्मरणार्थ भरलेल्या प्रार्थनेला हजारो माणसे जमली. एल्सी १९५१ पर्यंत जगल्या. त्याआधी तीनच वर्षे, १९४८ साली, कॅडबरी कंपनीने आपल्या मुंबईत व्यवसाय सुरू केला होता. ती कंपनी २०१० साली अमेरिकन मालकीची झाली. बोर्नव्हिलची घरे आणि बागा मात्र १९०० सालच्या त्या विश्वस्त संस्थेच्याच देखरेखीखाली आहेत.