सरखेल कान्होजी आंग्रे : मागे काय उरलं?

कंपनी उभी करणाऱ्यांच्या गोष्टी आपण आवडीने वाचतो. तो माणूस गेल्यावर त्या कंपनीचं काय झालं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. मी देवगड तालुक्यातला. माझ्या डोळ्यासमोर याचं उदाहरण म्हणून एखादी फॅक्टरी येत नाही, येतो विजयदुर्ग. आणि माणूस म्हणाल तर कान्होजी आंग्रे.

कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. १६९८ साली कान्होजी मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख झाले. महाराज जाऊन अठरा वर्षं झाली होती, औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून होता, पैशांची तर बोंबच. अशा वेळी या माणसाने किनारा बांधून काढला. कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही त्यांची ठाणी. समुद्रात जायचं तर त्यांचा दस्तक घ्या, नाहीतर जहाज जप्त!

आपल्या ब्रँचच्या दृष्टीने मजा आहे ती त्यांच्या जहाजांत. इंग्रजांची जहाजं मोठी आणि खोल बुडणारी. कान्होजींच्या गुराबा उथळ पाण्यात चालत, आणि वारा पडला की वल्ह्यांची गलबतं त्यांना ओढून शत्रूच्या पिछाडीला नेत. तोफा पुढच्या बाजूला. म्हणजे ताकद कमी, पण डिझाइन जागेला धरून. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खडकात खोदलेली गोदी आजही बघायला मिळते. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला कोरड्यात दुरुस्त करायचं.

मुंबईच्या इंग्रजांनी १७१८ च्या सुमारास विजयदुर्ग आणि खांदेरीवर हल्ले केले, ते फसले. १७२० मध्ये खास तरंगता तोफखाना बांधून ते विजयदुर्गावर परत आले, तोही फुकट गेला. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर गेले, हात हलवत परतले. १७२४ मध्ये डचांचंही विजयदुर्गावर तेच झालं.

पण मला कान्होजींचं खरं कसब वाटतं ते माणसं सांभाळण्यात. १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी बोलणी करून ते शाहू महाराजांच्या पक्षात आले. आरमार त्यांच्याच हाती राहिलं, आणि पाठीशी राज्यही उभं राहिलं.

१७२९ मध्ये कान्होजी गेले. थोरले सेखोजी कर्तबगार, पण तेही १७३३ मध्ये वारले. मग भाऊबंदकी. पेशव्यांच्या मध्यस्थीने वाटणी झाली : कुलाबा मानाजींकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग संभाजींकडे. एका आरमाराची दोन झाली. संभाजींनंतर तुळाजी आले. त्यांच्यात धडाडी कमी होती असं कुणी म्हणू नये, इंग्रजांची मोठी जहाजं त्यांनीही धरली. पण पेशव्यांशी त्यांचं पार फाटलं. वडिलांनी जे जमवलं होतं नेमकं तेच सुटलं.

फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून वॉटसन आणि क्लाइव्ह आले, जमिनीवरून पेशव्यांची फौज. जहाजं किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांना लागून बांधलेली. एकावर तोफगोळा पडून आग लागली आणि बघता बघता सगळं आरमार जळालं. पहिलं पेटलेलं जहाज तुळाजींनी इंग्रजांकडूनच जिंकलेलं होतं! पुढे पेशव्यांच्या वतीने आनंदराव धुळपांनी विजयदुर्गावरून आरमार चालवलं, चांगलं लढवलंही. पण ज्याच्या दस्तकाशिवाय पान हलत नव्हतं, तो दरारा परत आला नाही.

आता दुसरी बाजू बघा. ईस्ट इंडिया कंपनी १६०० सालची. तिचे संस्थापक केव्हाच मातीत गेलेले. १७१८ चा गव्हर्नर बून १७५६ ला कुठे होता? पण त्याची खुर्ची होती, दप्तर होतं, हरलेल्या लढायांचे कागद होते. नवा माणूस यायचा आणि मागच्याच्या पुढे काम सुरू करायचा. आंग्र्यांकडे जिगर वारसाने आली, पण माणसं जोडण्याची हातोटी कान्होजींबरोबरच गेली. तिची जागा घेईल अशी व्यवस्था नव्हती.

हॉस्टेलवर आपण हेच बघतो. एखादा फायनल इयरवाला झपाटून रोबोटिक्सचा ग्रुप उभा करतो, आणि तो पास आउट झाला की वर्षभरात त्या खोलीत सायकली लागतात. जुनिअरना उत्साह नसतो असं नाही. सर्किट कुठे अडलं, वर्कशॉपची किल्ली कोण देतं, सरांशी कसं बोलायचं, हे सगळं त्या एकाच्याच डोक्यात असतं.

२०२५ मध्ये विजयदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, म्हणजे आता गर्दी होणार. तुम्हीही या जरूर, बुरुजावर फोटो काढा. पण यंदा जे पास आउट होताय, त्यांनी निघण्याआधी एक वही लिहून जुनिअरच्या हातात ठेवा.