चार रुपयांची मास्तरीण : जाईबाई चौधरी

तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरणी वंदन करून, आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त आम्ही भवानीनगरच्या बौद्ध माता-भगिनींपुढे एका बाईचं जीवन ठेवीत आहोत. सावित्रीमाई आणि माता रमाई यांच्या प्रतिमा आपल्या घरोघरी आहेत, ते योग्यच आहे. पण नागपूरच्या जाईबाई चौधरी यांचं नाव विदर्भात जेवढं घेतलं जातं तेवढं आपल्या भागात घेतलं जात नाही, ही खंत आहे.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली नागपूर जिल्ह्यातील उमरेड येथे एका महार कुटुंबात झाला. १८९६ च्या सुमारास दुष्काळ पडला. खायला दाणा नाही, हाताला काम नाही, म्हणून घरची माणसं पोरंबाळं घेऊन नागपूरला आली. पोटासाठी गाव सोडणं काय असतं, हे आपल्याला निराळं सांगायला नको. कारखान्याचा पट्टा पडला की दरसाल ऊसतोडीच्या टोळ्या आपण इथं उतरताना बघतोच.

१९०१ साली, वयाच्या अवघ्या नवव्या वर्षी, बापूजी चौधरी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. सासरीही गरिबीच. जाईबाई हमाली करू लागल्या. नागपूर स्टेशन ते कामठी असं डोक्यावर ओझं घेऊन चालत जायचं, आणि ते अंतर काही थोडंथोडकं नाही, चांगलं चार-पाच कोसांचं. पण या हमाल बाईला थोडंफार लिहिता-वाचता येत होतं. मिस ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या ते ध्यानात आलं. त्यांनी जाईबाईंना महिना चार रुपये पगारावर शाळेत शिकवायला घेतलं. डोक्यावरचं ओझं उतरलं आणि हातात खडू आला.

हे सुख फार दिवस टिकलं नाही. शिकवणारी बाई अस्पृश्य आहे, हे वरच्या जातीच्या पालकांना समजलं. त्यांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली. जाईबाईंचं शिकवणं वाईट होतं असं कोणी म्हणालं नाही, जात तेवढी आडवी आली. अखेर त्यांना नोकरी सोडावी लागली.

दुसरी एखादी बाई परत हमालीला गेली असती आणि तिला कोणी बोलही लावला नसता. जाईबाईंनी मात्र वेगळा विचार केला. आपल्या हातून शिकायला त्यांची पोरं नको म्हणतात ना, मग आपल्या पोरींनाच शिकवू. १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. ज्या वस्तीत पोरगी म्हणजे धाकट्या भावंडांना सांभाळणारी आणि शेण-गोवऱ्या करणारी, तिथं पोरी गोळा करणं सोपं नव्हतं. तरी शाळा तगली, वाढली आणि पुढे हायस्कूलपर्यंत गेली.

पण जाईबाई शाळेच्या चार भिंतींत बसून राहिल्या नाहीत. १९३० साली नागपूरला अस्पृश्य वर्गाची परिषद झाली, तेव्हाही त्या स्त्रियांच्या शिक्षणासाठी पुढे होत्या. १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. परिषद शिकल्या-सवरल्या बायांची, पण जेवणाच्या वेळी आपल्या बायांची पंगत वेगळी बसवली. जाईबाई आणि त्यांच्या सोबतिणी हा अपमान गिळून घरी गेल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ रोजी त्यांनी स्वतःची सभा भरवून जाहीर निषेध केला. बाई म्हणून एक आणि जात म्हणून वेगळं, हे चालणार नाही, असं त्यांनी ठणकावलं.

यानंतर चार वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, त्याच नागपुरात बाबासाहेबांच्या उपस्थितीत दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बाया जमल्या. काडीमोडाचा हक्क, एका पुरुषाने अनेक बायका करण्यास बंदी, कामगार बायांना रजा आणि पेन्शन, मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहं, आणि कायदेमंडळापासून स्थानिक संस्थांपर्यंत राखीव जागा, असे ठराव तिथं झाले. १९२२ पासून वीस वर्षं जाईबाईंसारख्या बायांनी जी जमीन नांगरली होती, तिच्यातलंच हे पीक.

आता आमचं थोडं आपल्या घरचं बोलणं. आपल्या पोरी आता शिकतात, एसटीनं बारामतीला कॉलेजला जातात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण बारावी झाली की स्थळं बघायची घाई सुटलेली नाही. भावाच्या फीला पैसे निघतात, बहिणीच्या फीला अडचण येते. आणि विहाराचं बघा. सतरंज्या अंथरायला, खीर रांधायला बाया पुढे, आणि कमिटीच्या बैठकीला मागे. यात दोष एकट्याचा नाही, आम्हीही त्यात आहोत.

जाईबाईंना जाऊन कित्येक दशकं लोटली. त्यांच्या फोटोला हार घालून आपली सुटका होणार नाही. या वर्धापनदिनी प्रत्येक घरानं एवढंच ठरवावं, की पदवी हातात पडेपर्यंत पोरीच्या लग्नाचा विषय काढायचा नाही. आणि येत्या बैठकीला बायांनी दाराशी उभं न राहता सतरंजीवर येऊन बसावं. जागा आम्ही सोडतो.

जाईबाई चौधरी यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.

नमो बुद्धाय! जय भीम!