नाट्यछटाकार दिवाकर

आमच्या खडकीहून दोन-अडीच कोसांवर असलेल्या पुणें शहरांत ता. १८ जानेवारी १८८९ रोजीं शंकर काशीनाथ गर्गे ह्यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांस दिवाकर ह्या टोपणनांवानें ओळखतो. पुण्यासच त्यांनीं शिक्षकाचा पेशा पत्करिला. वैभवाची हकीकत शोधूं जाणाऱ्याची ह्या चरित्रांत निराशा होईल. त्यांतील मोठी घटना एकच: १९११ सालीं त्यांनीं पहिली नाट्यछटा लिहिली.

रॉबर्ट ब्राउनिंग ह्या इंग्रज कवीचीं एकमुखी भाषणांचीं काव्यें त्यांच्या वाचनांत आलीं होतीं. १८४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या अशा एका काव्यांत एक उमराव पाहुण्यास आपल्या दिवंगत पत्नीचें चित्र दाखवितो. तिचे दोष सांगावयास तो आरंभ करितो. पण जों जों बोलतो तों तों दोष त्याच्याच मनाचे आहेत हें उघड होतें, आणि तिच्या मृत्यूविषयींहि आपणांस भयंकर शंका येऊं लागते. कवि मध्यें एक अक्षर बोलत नाहीं. हीच रीत दिवाकरांनीं मराठींत आणिली. मात्र पद्य टाकून नित्याच्या बोलण्याच्या गद्यांत. समोरच्या माणसाचें उत्तर बहुधा छापलेलें नसतें; बोलणाऱ्याच्या प्रत्युत्तरावरून, टिंबांवरून तें ओळखावयाचें. अशा ५१ नाट्यछटा त्यांनीं लिहिल्या.

पंत मेले, राव चढले ही त्यांतील सर्वपरिचित. एका घरीं मृत्यूचा आकांत, दुसऱ्या घरीं त्याच मृत्यूनें मिळालेल्या बढतीचा आनंद. दुःखहि खरें, आनंदहि खरा. तरी एकाच घरचें ऐकून जो न्याय देईल तो फसेल. दिवाकर स्वतः शिक्षक. पण निकाल त्यांनीं वाचकांवर सोपविला. आम्हांस हें मोठें धैर्य वाटतें.

ता. १ ऑक्टोबर १९३१ रोजीं, अवघ्या ४२ व्या वर्षीं, ते वारले. शाळांच्या संमेलनांत त्यांच्या नाट्यछटा अद्यापि होतात. तेथें पुष्कळदां एक गोष्ट बिघडते. ढोंगी गृहस्थाचें सोंग घेतलेला मुलगा पालकांकडे पाहून हळूच हंसतो. जणूं आपण तसे नव्हे हें त्यास कळवावयाचें असतें! पण ढोंग्यास आपण ढोंगी आहों असें कधीं वाटतच नाहीं. तो मनापासून बोलतो, आणि म्हणूनच श्रोते प्रथम मान डोलवितात व मग एकाएकीं चपापतात. येत्या संमेलनांत जो विद्यार्थी न हंसतां हें साधील, त्याची नाट्यछटा आम्ही पुन्हां एकदां ऐकूं.