डॉ. कमला सोहोनी

चाकणच्या बाजारात पोत्यांतून येणारा बटाटा वरून निर्जीव ढेकळासारखा दिसतो. परंतु तोही श्वसन करीत असतो. साठविलेल्या पिष्टाचे हळूहळू विघटन करून त्याच्या पेशी जगण्यापुरती ऊर्जा मिळवीत असतात. या क्रियेतील एक महत्त्वाचा दुवा वनस्पतींमध्ये शोधून काढण्याचा मान एका महाराष्ट्रीय स्त्रीकडे जातो.

कमला भागवत यांचा जन्म इ. स. १९११ मध्ये इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले होते. विख्यात लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन केल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. पण तो फेटाळण्यात आला. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना स्त्रियांनी संशोधन करणे पसंत नव्हते. एवढ्या थोर शास्त्रज्ञाची ही दृष्टी खेदजनकच म्हटली पाहिजे. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर, एक वर्ष काम पाहून मगच प्रवेश कायम करावयाचा, या अटीवर रामन राजी झाले. कमलाबाईंनी ही अपमानास्पद अट पत्करली, मात्र ती त्या कधीही विसरल्या नाहीत. वर्षअखेर रामन यांची खात्री पटली, आणि पुढे इतर मुलींनाही संस्थेचे दार उघडले.

१९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. तेथे रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली बटाट्यावर त्यांचे संशोधन सुरू झाले. अन्नातील ऊर्जा पेशीत लाकडासारखी एकदम भडकत नाही. अन्नापासून निघालेले इलेक्ट्रॉन, जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तसे, एका वाहकाकडून दुसऱ्याकडे जात प्राणवायूपर्यंत पोहोचतात व वाटेत थोडीथोडी ऊर्जा मोकळी होते. ‘सायटोक्रोम सी’ हे लोहयुक्त प्रथिन असाच एक वाहक होय. प्राण्यांत व यीस्टमध्ये सायटोक्रोम पूर्वीच आढळले होते. वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असते, हे कमलाबाईंनी दाखविले. अवघ्या ४० पृष्ठांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम केल्यावर १९४७ साली विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. गोरगरिबांच्या ताटातील कडधान्ये व ताडामाडाची नीरा हे आता त्यांच्या अभ्यासाचे विषय झाले. नीरेवरील संशोधनाबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. संस्थेचे संचालकपदही मिळाले, पण उशिराच. १९९८ साली दिल्लीत सत्कारसमारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या व लवकरच त्यांचे निधन झाले.